नाव तरेल

लोधीपुऱ्यातल्या त्या शाळेत चित्रकलेच्या तासाला दोन गोष्टींना बंदी होती. एक खोडरबर आणि दुसरं नारळाचं झाड.

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड, हे चित्र बऱ्हाणपूरची मुलंही काढायची. ड्रॉइंग मॅडम असं चित्र हातात घेऊन खिडकीशी जात. बाहेर बघत, चित्राकडे बघत, पुन्हा बाहेर बघत. मग म्हणत, "बऱ्हाणपुरात नारळ मी देवळासमोर पाह्यला. सोललेला. झाडावर कधी नाही पाह्यला. तुले कुठं दिसला? मले बी दाखव." पुढच्या तासाला नारळाच्या जागी केळ उभी असे, आणि तिच्या पानांना वाऱ्याने पडतात तशा चिरा असत.

खोडरबराचं प्रकरण वेगळं होतं. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिला काहीतरी काम द्यायचं, असा नियम होता. घोड्याची पाठ फार खाली आली, तर तिथे पोतं ठेवायचं. सायकलचं चाक चपटं निघालं, तर पंक्चरवाला काढायचा. "वाकडी गेली तर?" असं मॅडम विचारत आणि अख्खा वर्ग ओरडे, "काम द्या!" हेडसरांच्या खोलीपर्यंत ते ऐकू जाई. हेडसरांना सुरुवातीला वाटलं, कोणीतरी नोकरी मागायला आलं आहे.

मी त्या वेळी शनवारा भागातल्या एका हिंदी दैनिकाच्या कचेरीत होतो आणि आठवड्यातून एकदा शाळांचं पान भरायचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्गावर एक लहानसा मजकूर लिहायला गेलो आणि मग जात राहिलो. पहिला मजकूर छापून आला तेव्हा अंक मॅडमना नेऊन दिला. त्यांनी तो वाचला नाही. पान उलटलं, वास घेतला, वरून खाली एक पट्टी फाडली. पट्टी सरळ फाटली. "चांगला आहे," त्या म्हणाल्या. त्या मजकुरावर आलेली ही एकच प्रतिक्रिया.

कागदाचं हे वेड माहेरचं होतं. वडील जळगावकडून नेपानगरला पेपर मिलमध्ये आले आणि तिथेच राहिले. मॅडम वाढल्या त्या कॉलनीत घरोघरी वह्या मिलच्या उरलेल्या कागदाच्या असत. कोणताही कागद हाती आला की त्या आधी त्याचा कोपरा जिभेला लावत आणि तो कुठे वळतो ते बघत. ज्या बाजूला वळेल त्या बाजूने घडी घालायची. लग्नपत्रिका, विजेचं बिल, परीक्षेचं वेळापत्रक, सगळ्यांचा एकेक कोपरा ओला झालेला असे. शाळेत त्याबद्दल कुजबुज होती. मॅडमपर्यंत ती पोचली होती आणि त्यांना ती मान्य होती.

संस्थेने वर्गाला स्मार्ट बोर्ड दिला होता. त्याच्या चौकटीला कपड्यांचे चिमटे चांगले बसत, म्हणून ओली चित्रं त्याच्यावर वाळत. तो चालू झालेला मी पाहिला नाही.

मॅडम मार्क देत नसत. प्रत्येक कामाला एक क्रियापद मिळे, तेही भविष्यकाळात. पिशवी केली तर "टिकेल" किंवा "फाटेल". स्टूल केलं तर "बसेल" किंवा "बसवेल". दुसऱ्याचा अर्थ जमिनीवर. वर्गातला एक मुलगा पतंगाला "उडेल" मिळालं म्हणून नाचत होता, तेव्हा त्याच्या शेजारणीला माठाच्या झाकणासाठी तेच "उडेल" मिळालं आणि ती रडायला लागली. पालकांना हे समजावून सांगणं हेडसरांच्या वाट्याला येई. प्रगतिपुस्तकात चित्रकलेपुढे "गळेल" असं लिहिलेलं पाहून एक आजोबा केस मोजत आले होते. नातवाने डबा केला होता.

वस्तू केली की मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला असे. "वापरणार कोण? बोलव त्याले." आजीसाठी पानाची पेटी केली तर आजी वर्गात यायची. भावासाठी चप्पल केली तर भाऊ चालून दाखवायचा. एका गवळ्याच्या मुलाने म्हशीसाठी उन्हाची टोपी केली. पुठ्ठ्याची, शिंगांसाठी दोन भोकं ठेवलेली, वर पिवळा रंग.

मॅडमनी टोपी फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "खाईल."

"नाही खाणार मॅडम. आमची भुरी शहाणी हाय."

"वापरणार कोण?"

"भुरी."

"मग बोलव तिले."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत गवळी, त्याचा मुलगा आणि भुरी फाटकाशी हजर झाले. टोपी नीट बसली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. म्हशीने मान हलवली, टोपी खाली पडली, आणि तिने ती शांतपणे खाल्ली. फक्त पिवळ्या रंगाचा भाग शिल्लक ठेवला. हेडसर किल्ल्यांचा जुडगा वाजवत बाहेर आले. ते घाबरले की जुडगा वाजत असे.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"मूल्यमापन," मॅडम म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात संस्थेने इंदूरहून एक सल्लागार नेमले. चौथीला शुक्रवारी चित्रकलेचे लागोपाठ दोन तास होते. ते काढून कोडिंगला द्यावेत असं संस्थेच्या मंडळींच्या मनात होतं. सल्लागारांनी वर्ग पाहायचा आणि काय ते सांगायचं, असं ठरलं. ही बातमी हेडसरांनी मॅडमना जिन्यात दिली.

"कोडिंग म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"कॉम्प्युटरचं असतं. मुलांचं डोकं चालतं त्याने."

"कोडी घालायची असतील तर मी बी घालते."

"मॅडम, जरा समजून घ्या. दोन तास गेले तर तुमच्याकडे काहीच उरणार नाही. तुमची नेमणूक त्याच तासांवर आहे."

हे खरं होतं. बाकीच्या वर्गांचे तास आधीच इकडे तिकडे गेले होते. चौथीचा शुक्रवार गेला असता तर मॅडमही गेल्या असत्या. त्यांनी हेडसरांच्या हातातल्या कागदाचा कोपरा बघितला, पण हात लावला नाही. त्यावरून त्यांना काळजी वाटत असावी असा माझा अंदाज आहे. खातरजमा करता आली नाही.

इंदूरवाल्या सरांनी विषय कळवला होता. मुलांनी एक 'डिझाइन प्रोजेक्ट' करायचा. काय करायचं, तर नाव. शुक्रवारी ते आले, मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसले आणि पेनाचं टोपण काढलं. बाक चौथीतल्या मुलांच्या मापाचा होता, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले.

मॅडमची एक पद्धत होती. तास सुरू झाला की फळ्यावर एकच शब्द लिहायचा आणि बराच वेळ काही बोलायचं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बसून ब्लेडने पेन्सिली तासत राहायचं. शब्द वाचून मुलांनी आपापलं कामाला लागायचं. त्या दिवशी त्यांनी सरांचाच शब्द जसाच्या तसा लिहिला. 'नाव'. आणि कट्ट्यावर जाऊन बसल्या.

"मॅडम पढ़ाना कब शुरू करेंगी?" सरांनी हळूच विचारलं.

"कर दिया है," मी म्हणालो.

त्या वर्गातली अर्धी मुलं घरी हिंदी बोलत आणि अर्धी मराठी. एरवी त्याने काही बिघडत नसे. वर्गात एकाच वाक्यात दोन्ही भाषा सुखाने राहत. पण त्याआधीच्या शुक्रवारी मॅडमनी मुलांकडून अक्षरं काढवून घेतली होती. "अक्षरं जमिनीवर उभी नसतात," असं त्यांनी सांगितलं होतं. "वरच्या रेघेला लटकतात. दोरीवर कपडे लटकतात ना, तशी. पहिले दोरी बांध, मग अक्षर वाळत घाल." त्यामुळे फळ्यावरचा शब्द अर्ध्या वर्गाने एका अर्थाने वाचला आणि अर्ध्याने दुसऱ्या.

खिडकीकडच्या बाकावर अरमान बसे. वडिलांचे पॉवरलूम होते. तो जाड कागदाला मेणबत्ती घासून होडी घडत होता. त्याच्याशेजारी वैष्णवी. तिचे आजोबा खकनारकडे केळी करत. तिने खराट्याची लांब काडी आडवी धरली होती आणि तिला दोऱ्याने पुठ्ठ्याची अक्षरं बांधत होती.

"ये क्या बना रही है?" अरमानने विचारलं.

"नाव."

"ये नाव है?"

"मंग काय हाय? वाचता नाही येत तुले? वै, ष्ण, वी."

"इसमें बैठेगा कौन?"

"नावात कोणी बसते का, येड्या!"

"नाव में नहीं बैठते तो क्या सर पे बैठते हैं? मॅडम, ये नाव में नहीं बैठ रही!"

मॅडम पेन्सिल तासत होत्या.

भांडण बाकावरून बाकावर गेलं. कोणी उठून पलीकडचं बघून आलं, कोणी स्वतःचं लपवलं. थोड्या वेळात वर्गाची फाळणी झाली. होडीवाले खिडकीकडे आणि नाववाले भिंतीकडे. एका मुलीने संकट ओळखून कागदावर फक्त ठिपके काढायला सुरुवात केली.

इंदूरवाले सर उठले. बाकातून सुटायला त्यांना वेळ लागला. "मॅडम, आधे बच्चों ने ग़लत समझा है," ते म्हणाले. आवाज सौम्य होता, पण टोपण पेनाला लागलं होतं. दारात जुडगा वाजला. "मॅडम, बोर्डावर नीट लिहायला पाहिजे होतं ना," हेडसर म्हणाले. "चित्र तरी काढायचं बाजूला."

मॅडम कट्ट्यावरून उतरल्या. फळ्यावरचा शब्द त्यांनी पहिल्यांदाच पाहावा तसा पाहिला. त्यांचे कान लाल झाले होते. आपल्या हातून काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. मग त्या वर्गाकडे वळल्या.

"रबर हाय का कोणाकडं?"

"नाही!"

"वाकडी गेली तर?"

"काम द्या!"

इंदूरवाले सर दचकून पुन्हा बाकात बसले.

"अरमान, तुझ्या नावेचं नाव काय?"

अरमानला प्रश्न कळायला वेळ लागला. "नाव का नाव? कुछ नहीं."

"मग नदीवरून हाक मारशील कशी? ए होडी, ए होडी? दहा येतील. वैष्णवी, तुझं नाव जाणार कुठं?"

"कुठं नाही. भिंतीवर लावीन."

"भिंतीवर कंटाळंल ते."

पुढे काही सांगावं लागलं नाही. वैष्णवीने खराट्याची काडी होडीवर धरून पाहिली. ती उभ्या काडीवर आडवी बांधली की अक्षरं शिडासारखी लटकत होती. 'वै'च्या दोन मात्रा वर निशाणासारख्या उभ्या राहिल्या. वर्ग बघायला गोळा झाला. अरमान मात्र खुश नव्हता.

"नाव मेरी और नाव इसका? मेरा लगेगा."

"मग माझं काय पाण्यात टाकू?"

"पीछे से तो वैसे भी उल्टा दिखता है."

"मंग मागून तुझं लाव. कोण नाही म्हणते?"

अरमानने होडी फिरवून पाहिली. वैष्णवीच्या अक्षरांच्या पाठी कोऱ्या होत्या. त्याने तिथे आपली चार अक्षरं चिकटवली आणि जाहीर केलं, "जाते टाइम वैष्णवी, आते टाइम अरमान." वर्गाने ही पद्धत उचलली. नाव असलेली मुलं होडी असलेल्यांना शोधायला लागली. ठिपकेवालीला एकदम मागणी आली, कारण तिच्याकडे दोन्हीसाठी जागा होती.

शाळेच्या मागे सिमेंटची टाकी होती. तिथे परीक्षा झाली. वजनासाठी केळं. बऱ्हाणपुरातली होडी केळं उचलणार नसेल तर काय कामाची, असं मॅडमचं म्हणणं. त्या प्रत्येक होडी हातात घेत, तिरकी करून बघत आणि पाण्यात सोडण्याआधी शब्द सांगत. "तरेल." "बुडेल." "बुडेल, पण हळू." वैष्णवी-अरमानला "तरेल" मिळालं. त्यांची होडी केळं घेऊन पलीकडच्या काठाला लागली, तिथे एका मुलाने तिला फिरवलं आणि ती अरमान होऊन परत आली.

इंदूरवाले सर टाकीच्या काठावर उकिडवे बसले होते. पेन खिशात गेलं होतं. "एक मैं भी बनाऊँ?" त्यांनी विचारलं.

त्यांनी मन लावून केलं. घडी सरळ होती, मेण सगळीकडे लागलं होतं. नाव मात्र त्यांनी पूर्ण घातलं. आधी "डॉ.", मग नाव, मग आडनाव. काडी दोन्हीकडून होडीच्या बाहेर आली. मुलं कौतुकाने बघत होती. हेडसर जिन्याच्या पायरीवर उभे राहून मॅडमकडे बघत दोन्ही तळवे पाण्यावर ठेवल्यासारखे वर-खाली करत होते. तरेल म्हणा, असा त्याचा अर्थ होता. तो टाकीच्या पलीकडच्या मुलांनाही कळला.

मॅडमनी होडी घेतली. तिरकी केली. काडीच्या टोकाला बोट लावलं. हेडसरांकडे पाहिलं. मग सरांकडे.

"बुडेल," त्या म्हणाल्या.

जुडगा वाजायचा थांबला.

"क्यों?" सरांनी विचारलं.

"एक बाजूने जड आहे. डॉक्टर उतरवा सर. मग तरेल."

वर्गातलं कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या दृष्टीने तो बांधणीतला दोष होता. सरांनी होडी परत घेतली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग दोरा सोडून "डॉ." काढलं आणि खिशात ठेवलं. काडी सरळ झाली. वैष्णवीने होडीवर केळं ठेवलं, जरा लहान बघून. होडी डुलत डुलत गेली. मधे एकदा थांबली, तेव्हा सरांनी खाली वाकून फुंकर मारली.

"फूँकना अलाउड नहीं है," अरमान म्हणाला.

संस्थेत त्यांनी काय सांगितलं ते तिथल्या मंडळींनाच माहीत. कळलं ते एवढंच. दोनपैकी एक तास कोडिंगला गेला, एक राहिला, आणि तिसरी-पाचवीचेही एकेक तास मॅडमकडे परत आले. म्हणजे त्या राहिल्या. आपल्याला पहिल्यापासून खात्री होती असं हेडसर सांगत. संस्थेच्या पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत सल्लागारांच्या नावापुढे डॉ. नव्हतं. मुद्रणदोष असू शकेल.

फळ्यावर लिहिताना मॅडमच्या मनात कोणता अर्थ होता, हे मी त्यांना नंतर विचारलं. "तुमच्या?" त्यांनी उलट विचारलं आणि माझ्या हातातला अंक घेऊन त्याचा कोपरा जिभेला लावला.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा वैष्णवी आणि अरमान सहावीत होते. शेवटच्या तासाला तेही चौथीच्या वर्गात येऊन बसले. मुलांनी मॅडमसाठी होडी केली होती. अडचण नावाची होती. मॅडमचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. त्या सगळ्यांसाठी ड्रॉइंग मॅडम होत्या. मुलं हेडसरांकडे गेली. हेडसरांनी पूर्ण सांगितलं. श्रीमती, नाव, पतीचं नाव, आडनाव. मुलांनी ते सगळं पुठ्ठ्यातून कापलं.

टाकीशी सगळे जमले तेव्हा होडी आली. मोठी होती, चांगल्या कागदाची. उभी काडी होती, आडवी काडी होती. आडव्या काडीवर एकही अक्षर नव्हतं.

मॅडमनी ती फिरवून मागूनही बघितली. "माझं नाव कुठंय?"

वैष्णवी पुढे झाली.

"सकाळी टाकून पाह्यलं मॅडम. बुडाली. मग श्रीमती उतरवली. तरी बुडाली. मग तुमच्या मिस्टरांचं उतरवलं, मग आडनाव." तिने कोरी काडी दाखवली. "मग तुमचं बी उतरवलं. आता तरेल."

मॅडमनी होडी तिरकी करून बघितली नाही. काडीलाही बोट लावलं नाही. तशीच पाण्यात ठेवली आणि अरमानने तिच्यावर केळं ठेवलं. चांगलं मोठं होतं. होडी खाली बसली, सावरली आणि कोरी काडी घेऊन पलीकडे गेली. मॅडम हात पुढे धरूनच उभ्या होत्या. शब्द कोणी विचारला नाही, त्यांनीही सांगितला नाही.

बातमीत नाव पहिल्या दोन ओळींत यायला हवं, असं आम्हाला शिकवलं होतं. मॅडमचं पूर्ण नाव मला माहीत आहे, हेडसरांकडून दोनदा तपासून घेतलेलं. ते मी उतरवलं आहे.